देवबागेत उणे अठरा

समुद्राशी माझं वैर जुनं आहे आणि ते एकतर्फी आहे. समुद्राला माझी खबरही नाही. माझ्या पोटाला मात्र त्याची खडान्‌खडा माहिती असते. धक्क्याला बांधलेली होडी नुसती डुललेली दिसली तरी माझ्या तोंडाला पाणी सुटतं, आणि ते चवीचं नसतं. अशा माणसाच्या बायकोने देवबागेत पहाटेची डॉल्फिनफेरी ठरवावी, याला मी योगायोग म्हणत नाही.

एका खिशात लिंबू, दुसऱ्यात आवळासुपारी आणि पोटात उलटीची गोळी अशा जय्यत तयारीने मी बोटीत बसलो. बोट मासेमारीची, मधोमध दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. तांडेलने चावी फिरवली. इंजिन म्हणालं, ‘टक्‌’. पुन्हा चावी. पुन्हा ‘टक्‌’. भीमसेनांचा षड्जही माझ्या कानाला इतका गोड लागला नव्हता.

“बॅटरी बसली,” तांडेल म्हणाला.

कोकणात बोट बंद पडली की माणसं आकाशातून पडतात. एकाने टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर गरम पाणी ओतून धुतला, दुसऱ्याने वायर हलवून पाहिली, तिसऱ्याने मीटर आणला. काटा १०.५ वर. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल, चार्ज असताना प्रत्येकी साधारण २.१ व्होल्ट, एक सेल गेला की हाच आकडा उरतो. म्हणजे रुग्ण गेलेला होता, आता फक्त नातेवाइकांना सांगायचं बाकी होतं.

“हँडल मार मरे,” कोणीतरी म्हणालं. इंजिनाच्या बाजूला खिळ्याला लोखंडी हँडल टांगलेलं होतं. तांडेलने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

“मग इन्व्हर्टरची लाव घरातली,” त्याचा मेव्हणा म्हणाला. “लाइट गेली तरी रातभर पंखो चलता तिच्यार.”

“कुडाळाक जातंय,” तांडेल म्हणाला. “नवी हाडतंय.”

“माझी गाडी आहे! मी नेतो!” मी ओरडलो. इतक्या उत्साहाने मी आमच्या लग्नातही काही बोललो नसेन. बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन करण्याची ही जागा नव्हे.

मालवणातून जाताना पाण्यात सिंधुदुर्ग दिसला. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतलेला, आणि जाण्यासाठी पुन्हा बोटच. मी मनोमन मुजरा करून गिअर बदलला. मग चौके, मग धामापूरचा तलाव, मग कुडाळ.

दुकानात शिरताच माझ्या लक्षात आलं, की बॅटरीची निवड जितकी लांबेल तितका डॉल्फिनांचा दिवस मावळेल. मी खुर्ची ओढली आणि जिज्ञासू झालो.

दुकानदार भला माणूस. विचारलं की सांगायचा. पहिल्याच बॅटरीच्या लेबलावर ‘सीसीए’ असं लिहून पुढे आकडा होता. हे काय? तर उणे १८ अंशांत, ३० सेकंद, व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाऊ देता बॅटरी किती अँपिअर देऊ शकते ते. उणे १८! देवबागेत पारा १८ वर आला तरी लोक कानटोपी शोधतात. “मग हा आकडा आपल्या काय कामाचा?” मी विचारलं. “थंडी सोडा हो,” तो म्हणाला. “एका दमात किती जोर लावते ते कळतं. डिझेलला तेवढंच लागतं.”

डिझेलला ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा अठरा-वीस पट दाबायची, ती दाबानेच इतकी तापते की वर डिझेल फवारलं की पेटतं. पण दाबायची ती झटक्यात. स्टार्टर रेंगाळला, तर हवा फटींतून निसटते, उष्णता लोखंड पिऊन टाकतं आणि इंजिन नुसतं खोकत बसतं. म्हणून स्टार्टिंग बॅटरीत प्लेटा पातळ आणि पुष्कळ: दोन-तीन सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे आणि मोकळं व्हायचं. इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलरचं काम नेमकं उलटं, थोडं थोडं, पण रात्रभर. शिवाय तिला घराच्या कोपऱ्यात स्वस्थ बसायची सवय. लाटांचे दणके खाण्यासाठी ती बनवलेलीच नसते.

“आणि गरजेपेक्षा मोठी घेतली तर स्टार्टर जळेल?” हा प्रश्न मी केवळ वेळ काढण्यासाठी विचारला होता.

“नाही हो. स्टार्टर हवे तेवढेच अँपिअर ओढतो. लहान घेतलीत तर मात्र भोगाल. इंजिनाच्या पुस्तकात किमान आकडा असतो, त्याच्या खाली उतरायचं नाही.”

मग मला भलतंच सुचलं. समुद्राचं पाणी बॅटरीत शिरलं तर? तर क्लोरीन वायू, तो म्हणाला. महायुद्धातले पाणबुडीवाले याच भीतीने धास्तावलेले असत. मी आणखी एक आवळासुपारी तोंडात टाकली.

जुनी का मेली, यावर त्याने कागदावर जो हिशेब मांडला तो मी घडी घालून खिशात ठेवला आहे. इंजिन सुरू करायला ३०० अँपिअर, ३ सेकंद: पाव अँपिअर-तास. इंजिन बंद ठेवून पर्यटकांची गाणी आणि दिवे, ५ अँपिअर, ३ तास: पंधरा. म्हणजे एका नाचात साठ वेळा इंजिन सुरू झालं असतं! आणि स्टार्टिंग बॅटरी अशी वारंवार उपसली की तिच्या त्या पातळ प्लेटा लवकर संपतात. आता मात्र मला खरोखरच चीड आली. बाबांनो, समोर अख्खा अरबी समुद्र गातोय, आणि तुम्ही त्याला ‘झिंगाट’ ऐकवता?

शेवटी तांडेलने १०० अँपिअर-तासांची, सर्वांत जास्त सीसीएवाली निवडली. गाण्या-दिव्यांना दुसरी, छोटी, मधे वेगळा स्विच. मोठीचं वजन पंचवीस किलोच्या आसपास. माझ्या कमरेने तो आकडा ऐकूनच माघार घेतली. त्याने ती डिकीत ठेवू दिली नाही. तान्ह्या पोराला दवाखान्यातून आणावं तशी मांडीवर सरळ धरून बसला.

चौक्याच्या आसपास तो आपणहून बोलला. “बापूस हँडल मारी. मी सात वर्षांचो असान. खाडीच्या तोंडार इंजिन बंद पडला, लाटो फुटत होते. हँडल उलटा इला, मनगट मोडला. तसोच दुसऱ्या हातान फिरवल्यान. माका म्हणालो, तू फुडे बग, हय बगू नको.”

मी गाडी जरा हळू चालवू लागलो.

देवबागेत बॅटरी लाकडी चौकटीत पट्ट्याने आवळली गेली, टर्मिनलांना ग्रीस लागलं. म्हातारा किनाऱ्यावरच बसून होता. तांडेलने काही न बोलता त्याला हात देऊन बोटीत घेतलं. वाकड्या मनगटाचा तो हात चावीवर गेला. अर्ध्या फेऱ्यात इंजिन धडधडलं. म्हातारा म्हणाला, “इतक्याच?” आणि उतरून चहाला गेला.

एव्हाना दुपार झाली होती आणि मी आशेने पाहत होतो. “या वक्ताक डॉल्फिन दिसत नसतील ना?”

“दिसतत की. बसा. भियाव नकात.”

डॉल्फिन दिसले म्हणे. मला विचाराल तर बोटीच्या मीटरवर नजर खिळवून बसणाऱ्या माणसाला बोट लागत नाही, हा शोध वैद्यकशास्त्राने दखल घ्यावी असा आहे.

“ते बघा, ते बघा!” बायको ओरडली.

“१४.१,” मी म्हणालो. “चार्जिंग उत्तम आहे.”

मागे मेव्हण्याने खिशातून ब्लूटूथ स्पीकर काढला आणि वायर कुठे लावायची ते शोधू लागला.

“छोटीर!” तांडेल आणि मी एकदमच ओरडलो.