समस्त 'गोट'-निर्णायक मंडळींस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री तुलनापंडित, विक्रममीमांसक व विनिमयमुत्सद्दी अशा समस्त बास्केटबॉलवादी मंडळींचे सेवेशी, कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

ज्याने आयुष्याची एकतीस वर्षे सरकारी दप्तरखान्यात जुन्या रुमालांवरची धूळ झटकण्यात आणि कोणत्या कागदावर मखलाशी झाली व कोणत्यावर व्हायची राहिली याची फेरिस्त ठेवण्यात वेचली, आणि ज्याने हातात चेंडू धरला तो शाळेत ड्रिलमास्तरांनी धरावयास लावला म्हणूनच, अशा मनुष्याने अमेरिकेतील बास्केटबॉलविषयी आपल्यासारख्या अधिकारी मंडळींस पत्र लिहावे हे धार्ष्ट्य आहे, याची मला जाणीव आहे. परंतु माझा पुतण्या कॅलिफोर्नियात सॅक्रॅमेंटो येथे नोकरीस असून तेथील किंग्ज नामक संघावर त्याची निष्ठा जडली आहे, आणि तिकडची रात्र ती इकडची सकाळ असल्यामुळे, गेली कित्येक वर्षे माझा चहा त्याच्या व त्याच्या तीन मित्रांच्या दूरध्वनीवरील वादविवादाच्या साक्षीने होत आला आहे. मधूनमधून "काका, तुम्हीच सांगा" असे म्हणून मला पंच नेमले जाते. मी उत्तर देण्यापूर्वीच वाद पुढे गेलेला असतो.

त्या श्रवणभक्तीचे फळ म्हणून माझे असे ठाम मत बनले आहे की, या क्रीडेचे सर्वांत अनावश्यक अंग जर कोणते असेल तर ते प्रत्यक्ष सामना हे होय. एनबीएचे तीस संघ ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत प्रत्येकी ८२ याप्रमाणे एकंदर १,२३० सामने खेळतात, आणि पुढे जूनपर्यंत प्लेऑफचे सामने चालतात. म्हणजे आपल्या चर्चेत वर्षाकाठी निदान बाराशे तीस वेळा व्यत्यय येतो. एखादा विद्वान मायकेल जॉर्डन व लेब्रॉन जेम्स यांच्या तौलनिक माहात्म्याविषयी आपले तेविसावे प्रमाण मांडीत असावा, प्रतिपक्षी तोंड उघडण्याच्या बेतात असावा, आणि नेमक्या त्याच क्षणी कोणीतरी दहा माणसांनी एका चेंडूमागे धावू लागावे, हा कोठला शिरस्ता? तरी हे सामने काही वर्षे तहकूब ठेवून निर्णयाचे काम निर्वेधपणे चालू द्यावे, अशी दरख्वास्त मी आपणामार्फत रुजू करू इच्छितो. ती निराधार नाही, हे दाखविण्यापुरता पुरावा सोबत जोडतो.

पेनसिल्व्हेनियातील हर्शी या, चॉकलेटच्या कारखान्यासाठी नावाजलेल्या गावी, २ मार्च १९६२ रोजी फिलाडेल्फिया वॉरियर्सच्या विल्ट चेंबरलेन याने न्यूयॉर्क निक्सविरुद्ध एकट्याने शंभर गुण केले. त्याने ६३ वेळा नेम धरला व ३६ वेळा साधला. आणि फ्री थ्रोच्या बाबतीत ज्याचा हात जन्मभर बदनाम राहिला त्याच पुरुषाने त्या रात्री ३२ पैकी २८ फ्री थ्रो साधले. प्रेक्षकसंख्या कागदोपत्री ४,१२४. सामना दूरचित्रवाणीवर दाखविला गेला नाही, त्याची चित्रफीत अस्तित्वात नाही. नभोवाणीवरील वर्णनाचा शेवटचा चतुर्थांश तेवढा ध्वनिमुद्रित स्वरूपात उरला आहे, आणि '१००' असा आकडा लिहिलेला कागद हातात धरून बसलेल्या विल्टचे एक छायाचित्र. आमच्या दप्तरखान्याच्या भाषेत सांगावयाचे तर अस्सल गहाळ, नक्कल उपलब्ध. पण पुरावा जितका तुटपुंजा, तितका वाद सकस! एक पक्ष म्हणतो की, अखेरीस वॉरियर्सनी चेंडू लवकर परत मिळावा म्हणून मुद्दाम फाउल केले, निक्सनी चेंडू विल्टपर्यंत पोहोचू नये म्हणून इतरांवर फाउल केले, सबब तो सामना उरलाच नव्हता, तमाशा झाला होता. दुसरा पक्ष पृच्छा करतो की, तमाशे तर नंतर पुष्कळ झाले, मग शंभर पुन्हा कोणी का केले नाहीत? याउलट कोबी ब्रायंटने २२ जानेवारी २००६ रोजी टोरोंटोविरुद्ध केलेल्या ८१ गुणांची चित्रफीत आद्यंत उपलब्ध असल्याने तीविषयीची चर्चा पुतण्याच्या मंडळीत चहा निवण्यापूर्वीच आटोपते. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर माणूस फार वेळ भांडू शकत नाही.

याहूनही मला, जन्माचा कारकून म्हणून, अधिक मनोज्ञ वाटणारी बाब निराळीच आहे. प्रतिस्पर्ध्याने बास्केटकडे फेकलेला चेंडू हवेतच अडविणे, ज्यास आपण ब्लॉक म्हणता, त्याची अधिकृत नोंद एनबीएच्या दप्तरी १९७३-७४ च्या हंगामापासून सुरू झाली. आणि बिल रसेल १९६९ साली व चेंबरलेन १९७३ साली निवृत्त झाला. तेव्हा ज्या दोन पुरुषांनी परक्यांचे चेंडू परतविण्यातच आपली उमेद खर्च केली, त्यांच्या नावावर एकही ब्लॉक जमा नाही. यात मला नवल वाटत नाही. आमच्या कचेरीतही झालेल्या कामाचा रकाना असे. होऊ न दिलेल्या अनर्थाचा नसे.

विक्रमांविषयी आणखी एवढेच. करीम अब्दुल-जब्बारने ५ एप्रिल १९८४ रोजी चेंबरलेनचा ३१,४१९ गुणांचा उच्चांक ओलांडला आणि पुढे स्वतःची शिल्लक ३८,३८७ वर नेऊन ठेवली. ती ७ फेब्रुवारी २०२३ रोजी लॉस एंजेलिस येथे लेब्रॉनने ओलांडली, तेव्हा खेळ थांबवून समारंभ झाला, करीमच्या हस्ते चेंडू अर्पण करण्यात आला, डोळे ओलावले. त्या रात्री लेब्रॉनचा लेकर्स संघ ओक्लाहोमा सिटीकडून १३३-१३० असा हरला, हे मी आपल्यापैकी कितीतरी जणांना सांगून पाहिले. कोणाच्या स्मरणात नव्हते, आणि सांगितल्यावर कोणास त्याचे काही वाटलेही नाही. सामना तहकूब ठेवण्याच्या माझ्या दरख्वास्तीस याहून बळकट आधार मजपाशी नाही.

आता मुख्य प्रकरण. सर्वकालीन सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण या प्रश्नास आपण इंग्रजी आद्याक्षरे जुळवून 'गोट' असे सुटसुटीत नाव दिले आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ बोकड होतो, तो सोडून देऊ. परंतु आमच्या मराठीत गोट म्हणजे छावणी, एका पक्षाची राहुटी, हे आपल्या कानी आले आहे काय? ज्या कोणा अज्ञात पुरुषाने ही आद्याक्षरे जुळविली, त्याने नकळत मराठी भाषेवर व सत्यावर एकदमच उपकार केले आहेत. कारण जॉर्डनच्या गोटात सहा वेळा अंतिम मालिका व सहाही वेळा विजय एवढा एकच मंत्र चालतो. लेब्रॉनच्या गोटात दहा अंतिम मालिका मोजल्या जातात, त्यांपैकी चारच जिंकल्या हे हळू आवाजात आणि २०१६ साली १-३ अशा पिछाडीवरून क्लीव्हलंडला विजयी केले हे मोठ्या आवाजात सांगितले जाते. मग कोणी वयस्क गृहस्थ कोपऱ्यातून विचारतो की, विजेतेपदे हीच जर तराजूची मापे, तर तेरा हंगामांत अकरा जिंकणाऱ्या रसेलला आपण कोठे बसविता? त्यावर दोन्ही गोट एक होऊन उत्तरतात की, त्या काळी संघच थोडे होते. बरे, मग रॉबर्ट होरी याच्या हातात विजेतेपदाच्या सात अंगठ्या आहेत, जॉर्डनपेक्षा एक अधिक, त्याचे काय? त्यावर दोन्ही गोट हसतात. हसणे हे प्रमाण न्यायशास्त्राच्या कोणत्या ग्रंथात येते हे मला ठाऊक नाही, परंतु आपल्या सभेत ते सर्वांत निर्णायक ठरते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

जॉर्डनची सामन्यामागे गुणांची सरासरी ३०.१२ आणि चेंबरलेनची ३०.०७ आहे, आणि या पाच शतांशांवर पुतण्याचे दोन मित्र अडीच महिने एकमेकांशी अबोला धरून होते. पूर्वी आमच्याकडे बांधावरच्या आंब्यासाठी तीन पिढ्या दिवाणी चालत असे, म्हणून मी त्यांस नावे ठेवीत नाही. आंब्याला निदान आंबे येत.

विनिमयाच्या, म्हणजे आपण ज्यास ट्रेड म्हणता त्याच्या प्रकरणी मात्र आपल्या प्रतिभेपुढे मी नतमस्तक आहे. अमुक संघाचे दोन अधिक तमुक संघाचा एक, वर तीन वर्षांनंतरच्या ड्राफ्टमधील, म्हणजे नवे खेळाडू निवडून घेण्याच्या क्रमातील, पहिल्या फेरीची पाळी, अशी कलमे आपण ज्या सफाईने लिहिता, ती पाहून पेशवाईतील वकील आपल्या हाताखाली उमेदवारी करावयास आले असते. पगाराच्या रकमा दोन्ही पारड्यांत जुळाव्या लागतात. खर्चाची जी वरची मर्यादा 'दुसरा एप्रन' या स्वयंपाकघरी नावाने ओळखली जाते, ती ओलांडणाऱ्या संघास दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू घेता येत नाही. आणि क्लीव्हलंडच्या टेड स्टेपियन या मालकाने १९८० नंतरच्या काही वर्षांत पुढील हंगामांच्या पाळ्या अशा उधळल्या की, लागोपाठ दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या पाळ्या कोणत्याही संघाने देऊन टाकू नयेत, असा नियमच करावा लागला. उधळ्या इनामदारांसाठी आमच्याकडे कोर्ट ऑफ वॉर्ड्स होते, त्यातलाच हा प्रकार. हे सर्व जाबते आपणांस मुखोद्गत असतात, आणि ज्या माणसांस आपण पोळ्यानंतरच्या बाजारातील बैलांप्रमाणे इकडून तिकडे हाकता, त्यांची बिऱ्हाडे, शाळेतली मुले, भाड्याचे करार, यांनी आपली शांती यत्किंचितही भंगत नाही.

ती एकदाच भंगली. १ फेब्रुवारी २०२५ च्या मध्यरात्रीच्या सुमारास डॅलसने आपला पंचवीस वर्षांचा लुका डॉन्चिच, ज्याने आदल्याच वर्षी त्या संघास अंतिम मालिकेपर्यंत नेले होते, तो लेकर्सला देऊन टाकला आणि मुख्यत्वे अँथनी डेव्हिस व २०२९ सालची एक पाळी पदरात घेतली. आपल्यापैकी एकाही मुत्सद्द्याच्या टाचणात हा तह नव्हता. बातमी देणाऱ्याचे समाजमाध्यमावरील खातेच कोणी लुबाडले असावे, असा अनेकांचा पहिला समज झाला. दुसऱ्या दिवशी डॅलसच्या क्रीडागृहाबाहेर लोकांनी शवपेटी आणून ठेवली. ज्यांनी आजवर कागदावर शेकडो माणसांची उचलबांगडी केली होती, ते एका माणसासाठी, तो जिवंत असून चांगल्या पगारावर चांगल्या शहरी जात असताना, सुतक पाळीत होते. पुतण्याने ते चित्र मला दाखविले, तेव्हा तो स्वतः हसत होता; मला हसू आले नाही. त्या गर्दीतील एकाही माणसाने लुकाच्या पगाराचा आकडा उच्चारला असेल, असे मला वाटत नाही. नोव्हेंबरात तेथील व्यवस्थापकास बडतर्फ करण्यात आले. मधल्या काळात मे महिन्यातील ड्राफ्टच्या सोडतीत केवळ १.८ टक्के शक्यता असताना पहिली पाळी डॅलसला लाभली, आणि या दैवयोगावरही आपण जो संशय घेतला, तो आपल्या लौकिकास साजेसाच होता.

पुतण्याच्या हसण्याचे कारण सांगितले पाहिजे, नाहीतर तो निर्दय ठरेल. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये दुसरी पाळी सॅक्रॅमेंटोची होती, हाच लुका समोर होता, आणि किंग्जनी त्यास सोडून मार्विन बॅगली यास निवडले. ही निवड करणारे प्रमुख व्लाडे दिवाच हे तेच गृहस्थ, ज्यांना देऊन १९९६ साली लेकर्सने शार्लटकडून कोबी ब्रायंट मिळविला होता. संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले; मुलीच्या संघास शिकविताना, प्रतिपक्ष आरामात चेंडू पुढे आणीत असता आपण मागे जाऊन उभे का राहावे, असा सरळ प्रश्न त्यांस पडला होता, हे प्रसिद्ध आहे. त्यांचेच किंग्ज ४ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीस, बहुतांशी शाळकरी मुलांपुढे, इंडियाना पेसर्सशी जादा वेळेत १३२-१३१ असे हरले, आणि २००७ पासून २०२२ पर्यंत सलग सोळा हंगाम प्लेऑफच्या उंबरठ्याबाहेर राहिले. "काका, लुका आमचा असता तर" या पुतण्याच्या वाक्याने माझा दिवस सुरू होतो. मी दर वेळी "होय बाबा" म्हणतो.

तरी मेहेरबानांनी सदरहू दरख्वास्तीचा विचार व्हावा. सामने अगदीच बंद करणे जड जात असेल, तर निदान माझ्या चहाच्या वेळेपुरते थांबवावेत, म्हणजे अर्धाच राहिलेला रसेलचा मुद्दा मला पुरा मांडता येईल. होय, मीही एका गोटातला आहे. तो गोट लहान आहे व त्यात बहुतेक म्हातारे आहेत. बहुत काय लिहिणे? लोभ असावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून

ता. क. : १९६१-६२ च्या ज्या हंगामात चेंबरलेनने हर्शीस शंभर गुण केले आणि सामन्यामागे ५०.४ अशी सरासरी राखली, त्या हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा किताब रसेलला मिळाला. त्या काळी या किताबासाठी मते देत ते खेळाडूच.