थंड पाण्याचे उमेदवार

एडिंबरा,
जानेवारीअखेर

तीर्थरूप अण्णांच्या चरणी बालकाचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले पत्र पावले, मजकूर अवगत झाला. नातवंडांनी फोनवर ‘आम्ही मासे आणणार’ असे जाहीर केल्यापासून आपल्या मनात जे प्रश्न उभे राहिले ते आपण मामलेदार कचेरीतील जुन्या शिस्तीस अनुसरून अनुक्रमांक घालून विचारले आहेत, आणि त्यांतील पहिलाच प्रश्न ‘तिकडे सुरमई कशी मिळते’ असा असल्यामुळे आरंभीच खुलासा करणे प्राप्त आहे की, हे मासे खाण्याचे नसून पाहण्याचे आहेत. आपल्या सूनबाईंच्या मालवणच्या माहेरी हाच खुलासा पोचल्यावर तेथील मंडळींनी जे मौन धारण केले आहे, ते अद्याप सुटलेले नाही.

प्रकरणाचा उगम असा. मुलांना कुत्रा हवा होता. आमच्या भाडेकरारात कुत्री, मांजरे ‘व तत्सम प्राणी’ यांना मज्जाव आहे. मात्र ‘तत्सम’ या सदरात मासा मोडत नाही असा निर्वाळा घरमालकांनी दिल्यामुळे, कुत्र्याची दरखास्त फेटाळली गेल्याचे दुःख हलके करण्यासाठी माशांना मंजुरी देण्यात आली. मंजुरीसोबत सूनबाईंनी दोन अटी घातल्या. टाकी दोन फुटांहून लांब असता कामा नये, आणि तिच्यात पाणी तापवण्याचे कोणतेही यंत्र बसता कामा नये. साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद व तीस उंच अशी टाकी म्हणजे हिशेबाने 54 लिटर पाणी. वाळू-दगडांसह ती साठ किलोंच्या वर जाते, सबब ती डुगडुगत्या मेजावर ठेवण्याची सोय नाही. खिडकीखाली ठेवावी, तर जूनमध्ये रात्री दहापर्यंत रेंगाळणाऱ्या येथील उजेडाने शेवाळ माजणार. रेडिएटरजवळ ठेवावी, तर पाणी सायंकाळी तापणार आणि पहाटे गारठणार. अखेर दिवाणखान्यातल्या भक्कम बुटक्या कपाटाची नेमणूक झाली व त्यावरील माझी पुस्तके बेदखल झाली.

दुसऱ्या अटीचा इतिहास अधिक गंभीर आहे. आमच्या घरातील तापमान हे सूनबाईंच्या खास अखत्यारीतील खाते आहे. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटला हात लावण्याचा अधिकार दुसऱ्या कोणास नाही, आणि गॅसचे बिल आले की त्या खात्याचा कारभार विशेष कडक होतो. रात्री तापवणी बंद होते. दिवाणखाना सायंकाळी एकोणीस अंशांवर असला तरी पहाटेस पंधरावर उतरतो. टाकीपुरते एक लहानसे पन्नास वॅटचे हीटर असावे, असा तोंडी अर्ज मी केला होता, त्यावर ‘स्वेटर घाला’ एवढाच शेरा पडला. मासे स्वेटर घालत नाहीत, ही माझी हरकत दप्तरी दाखल झाली खरी, पण विचारात घेतली गेली नाही.

तथापि सावकाशीने विचार करता मला या अटीत शहाणपण दिसू लागले. आपल्याकडील व इकडील बहुसंख्य हौशी माणसे प्रथम दुकानात जाऊन डोळ्यांत भरेल तो मासा उचलतात आणि मग त्या बिचाऱ्याच्या सोयीसाठी पाणी, उष्णता, जागा यांची धावाधाव करतात. त्याऐवजी आपल्या खोलीत कोणते पाणी, किती पाणी आणि किती अंशांचे पाणी राहू शकते हे आधी ठरवून त्या पाण्याला शोभेल असाच मासा शोधावा, हा क्रम मला अधिक न्याय्य वाटतो. मासा हा शीतरक्ताचा प्राणी. त्याची भूक, त्याचे पचन, त्याचा श्वास, रोगाशी झुंजण्याची त्याची ताकद, हे सारे भोवतालच्या पाण्याच्या उष्णतेवर चालते, आणि ज्याला सव्वीस अंश लागतात त्याला सतरा अंशांत ठेवले तर तो एकाएकी मरत नाही. तो कोपऱ्यात पंख मिटून राहतो, मंद होत जातो, आणि घरच्या मंडळींना ‘स्वभावाने शांत’ वाटतो.

सर्वांत प्रबळ उमेदवार अर्थातच गोल्डफिश. आपल्या नातीने त्याचे नाव आधीच सुचवले होते, आणि आपल्यालाही महाडच्या दवाखान्यातला, औषधांच्या बाटल्यांशेजारचा तो गोल काचेचा भोपळा आठवत असेलच, ज्यातला मासा दर काही महिन्यांनी रंगाने किंचित बदललेला असे व डॉक्टर तो तोच असल्याचे सांगत. थंडीच्या कसोटीस गोल्डफिश पूर्ण उतरतो. पण जागेच्या कसोटीस तो साफ नापास आहे. दुकानात बोटाएवढा दिसणारा हा प्राणी नीट वाढला तर वीतभर होतो, खातो भरपूर आणि पाणी नासवतो त्याहून भरपूर. त्याला बागेतले तळे हवे किंवा पुष्कळ मोठी टाकी हवी. आणि त्याचे आयुष्य! यॉर्कशायरमधील एका कुटुंबाने 1956 साली जत्रेतल्या खेळात जिंकलेला गोल्डफिश 1999 साली वारला. त्रेचाळीस वर्षे, म्हणजे निवृत्तीच्या दिवशी आपली जितकी नोकरी झाली होती त्याहून अधिक, आणि तीही बदलीविना. रोमच्या नगरपालिकेने 2005 साली गोल भांड्यात मासे ठेवण्यास बंदी केली, आणि येथे स्कॉटलंडमध्ये 2006 च्या कायद्याने जिवंत प्राणी बक्षीस म्हणून देणे हाच गुन्हा ठरला आहे, त्यामुळे जत्रेत चेंडू फेकून मासा जिंकण्याचा धाकट्याचा बेतही कायद्यानेच तहकूब झाला. एवढे वाचून मी कन्येला सांगितले की, ज्याच्यासाठी इतकी राज्ययंत्रणा हलली आहे त्याला आपल्या कपाटावरच्या चोपन्न लिटरांत कोंडणे बरे नव्हे.

फायटरचा अर्ज धाकट्याने आणला होता. दुकानदार हा मासा पेल्याएवढ्या भांड्यात विकतात, त्यावरून त्याला काहीच लागत नाही असा सार्वत्रिक समज झाला आहे. वस्तुतः तो सयामच्या उष्ण, उथळ पाण्यातला रहिवासी असून चोवीस अंशांखाली त्याचे मन रमत नाही. निऑन टेट्रा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, गप्पी वेस्ट इंडीजकडचा. दोघांचेही अर्ज उष्णतेच्या कलमाखाली नामंजूर. ज्याच्या जातभाईंचे नमुने तरुण डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केले होते, तो ठिपक्यांचा, मिशाळ कॉरिडोरास थंडी पुष्कळ सोसतो, वागणुकीनेही सालस आहे. पण तो घोळक्याने राहणारा व तळाशी वावरणारा, आणि आमच्या टाकीचा तळ म्हणजे दोन ताटे ठेवावीत एवढाच.

राहिले दोघे, आणि येथे खरी चुरस झाली.

पहिला झेब्रा डॅनियो. अंगावर निळसर आडव्या पट्ट्या, लांबी तर्जनीच्या दोन पेरांएवढी, आणि मूळ वतन गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले ओढे, भातखाचरे व डबकी. म्हणजे अस्सल आपला माणूस. त्याचा या शहराशी असलेला संबंध कळल्यावर तर मला भरून आले. फ्रान्सिस बुकॅनन हॅमिल्टन हा मूळचा स्कॉटिश वैद्य. 1783 साली याच एडिंबऱ्याच्या विद्यापीठातून पदवी घेऊन पुढे कंपनी सरकारच्या चाकरीत गेला, बंगाल-बिहारची पाहणी करीत जिल्ह्यामागून जिल्हा तुडवला, आणि शेती, देवळे, जातिपाती यांच्या नोंदींबरोबर नद्यांतले मासेही टिपत गेला. गंगेच्या माशांवरील त्याचा ग्रंथ 1822 साली येथेच, एडिंबऱ्यात, प्रसिद्ध झाला, आणि त्यात या पट्टेवाल्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम आले. आज जगभरच्या प्रयोगशाळांत हाच मासा पाळला जातो, कारण त्याची अंडी शरीराबाहेर, पारदर्शक अशी वाढतात व आतला जीव घडताना दिसतो. शिवाय त्याच्या हृदयाचा तुकडा कापून काढला तरी ते पुन्हा भरून येते. हे मी मोठ्या अभिमानाने वाचून दाखवले, तेव्हा सूनबाई म्हणाल्या, ‘‘मग या घरात त्याचा निभाव लागेल.’’

दुसरा उमेदवार चिनी. कॅंटन, म्हणजे आताचे ग्वांगझौ, या शहरालगत बाययुन, अर्थात शुभ्र मेघांचा पर्वत आहे. तेथील ओढ्यांत तान नावाच्या बालवीर पथकाच्या नायकाला हा चिमुकला मासा सापडला, आणि 1932 साली लिन या शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन करताना तानचेच नाव त्याच्या कुळाला दिले. इकडे त्याला ‘व्हाइट क्लाउड’ म्हणतात. पर्वतावर माणसांची वर्दळ वाढली, ओढे बिघडले, आणि 1980 नंतर बरीच वर्षे हा मासा निसर्गातून नाहीसा झाला अशीच समजूत होती. पुढे दक्षिण चीनमध्ये अन्यत्र त्याच्या तुरळक वस्त्या आढळल्या. काचेच्या पेट्यांत मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदतो आहे. लांबी चार सेंटिमीटर. पाठ ऑलिव्हच्या तपकिरी-हिरव्या रंगाची, डोळ्यापासून शेपटीपर्यंत चांदीसोन्याची एक बारीक जर, तिच्या टोकाशी काळा ठिपका, आणि शेपटीत कुंकवाचे बोट. दोन नर समोरासमोर आले की पंख पूर्ण उघडून एकमेकांभोवती गिरक्या घेतात, दरबारी थाटात एकमेकांना आजमावतात, आणि कोणालाही ओरखडा न काढता परत फिरतात. सोळा ते बावीस अंशांचे पाणी त्याला आवडते, एखादी पंधराची पहाट आली तरी तक्रार नसते. उलट फार उबेत ठेवले तर त्याचे आयुष्य घटते.

मी देशबंधूच्या बाजूने बराच युक्तिवाद केला. ‘‘राष्ट्रीयत्व पाहून नेमणुका होत नाहीत,’’ असे सूनबाईंनी बजावले, आणि पुढे विचारले की हा दिवसभर स्वस्थ बसतो काय? प्रश्न मार्मिक होता. डॅनियो स्वस्थ बसत नाही; तो टाकीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे अखंड येरझारा घालणारा आहे, त्याला लांबी हवी, आणि साठ सेंटिमीटर ही त्याची अगदी किमान गरज. थंडीही त्याला सोसते, पण अठरांच्या वरच त्याला खरी हुशारी येते. सोसणे निराळे आणि मानवणे निराळे, हे बारा हिवाळे काढलेल्या आमच्यासारख्यांनी तरी विसरू नये. व्हाइट क्लाउडला मात्र आमचे घर आहे तसेच मानवते. सबब दहांचा थवा मंजूर झाला. सहांहून कमी असले तर ते बुजून झाडांत दडी मारतात.

झाडे म्हणजे जावा मॉस आणि जावा फर्न, दोन्ही अल्पसंतुष्ट. मासे मात्र अद्याप आलेले नाहीत, आणि आपल्या सातव्या प्रश्नाचे, ‘नुसत्या पाण्याकडे काय पाहता?’ याचे उत्तर येथे देतो. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो व तो त्यांनाच विष ठरतो. फिल्टरमधील स्पंजात वाढणारे सूक्ष्म जंतू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषच, आणि दुसरे जंतू त्याचे पुढे नायट्रेट करतात, जे दर आठवड्याला थोडे पाणी बदलून काढून टाकता येते. हे जंतू वसण्यास महिनाभर तरी लागतो, आणि थंड पाण्यात त्याहून अधिक. नळाच्या पाण्यातला क्लोरीन या जंतूंनाही मारतो म्हणून तो आधी औषधाने उतरवावा लागतो. तोवर टाकीत मासे नाहीत, बाटलीतला अमोनिया मोजून घालावयाचा आणि रोज परीक्षा करावयाची. परीक्षा अशी: काचनळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे, हलवायचे, थांबायचे, आणि उतरलेला रंग छापील पट्टीशी ताडून पाहायचा. पिवळा आला तर पाणी शुद्ध, हिरवा आला तर विषारी. पण पिवळा आणि हिरवा यांच्या दरम्यान जो पोपटी प्रांत आहे त्यावरून आमच्या घरात रोज संध्याकाळी लवाद बसतो. मुलगी नळी खिडकीशी धरते, मुलगा दिव्याखाली, सूनबाई साडीच्या काठाशी, आणि तिघांचे तीन निकाल होतात. गेल्या रविवारी येथील मराठी मंडळी जेवायला आली होती, त्यांनी टाकीसमोर उभे राहून बराच वेळ निरखून पाहिले आणि मासे फार सुरेख असल्याचे सांगितले. आम्ही आभार मानले.

माशांच्या जोडीला शेवाळ खाण्यासाठी चेरी श्रिंप नावाची तांबडी, पेरभर कोळंबीही ठेवता येते, ती याच थंडीत खुशाल राहते. दुकानात सूनबाई तिच्याकडे फार वेळ एकाग्र दृष्टीने पाहत होत्या, म्हणून तूर्त हा विषय मी पुढे रेटलेला नाही.

आपण व ती. आई मे महिन्यात येणार, तोवर मासे येऊन स्थिरस्थावर झालेले असतील. त्यासंबंधी एक कळकळीची विनंती आहे. वाळणकोंडीला नदीतल्या थोराड माशांना ओंजळी भरभरून चुरमुरे घालण्याची आपली सवय मला ठाऊक आहे, आणि पान वाढले की पाहुण्याला तिसऱ्यांदा आग्रह करण्याची आईची सवयही. या माशांचे पोट त्यांच्या डोळ्याएवढे असते. उरलेले अन्न कुजून पाण्यात पुन्हा तोच अमोनिया होतो, आणि लहान टाकीतले मासे उपासाने क्वचित व जेवणाने नेहमी मरतात. तरी दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकी चिमूट, आणि तीही नातीच्या हातून, एवढ्यावर आपण दोघांनी समाधान मानावे. भाताची शिते, कणकेच्या गोळ्या आणि श्रावणी सोमवारचा प्रसाद यांपैकी काहीही टाकीत पडू नये.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक मुलगा