मोडक्या पात्यांच्या न्यायाधीशांस

माननीय परीक्षक महाशय,
स. न. वि. वि.

ऑनलाइन तक्रारी चाळून आपण जगभरच्या सुरीवाल्यांची लावलेली प्रतवारी वाचली आणि धन्य झालो. ज्याची पाती जास्त मोडली, तो खालच्या नंबरावर! जर्मनीतल्या झोलिंगेनवाल्यांनी १९३८ साली कायदाच करून घेतला, की तिथे घडलेल्या पात्यावरच गावाचे नाव कोरायचे. आपण तेव्हा असतात, तर बिचाऱ्यांचा एवढा खटाटोप वाचला असता.

कोणी किती सुऱ्या विकल्या, ही किरकोळ बाब आपण वगळलीत, ते बरेच केलेत. समजा, लाखभर विकणाऱ्याच्या पन्नास मोडल्या आणि शंभर विकणाऱ्याच्या दोन. गुन्हेगार अर्थातच पन्नासवाला. ज्याची सुरी वर्षानुवर्षे निमूट कांदा चिरते आहे, तो काही ‘आजही मोडली नाही’ असे कळवायला बसत नाही. आणि ‘मोडली तर फोटो पाठवा, बदलून देऊ’ असे म्हणणाऱ्याकडे फोटोंची रीघ लागणारच. भोगा म्हणावे!

पोलादाचे म्हणाल, तर झोलिंगेनच्या स्वयंपाकाच्या सुऱ्या साधारण ५६ ते ५८ रॉकवेल कठीण असतात; जपानात साकाईसारख्या गावी घडणारी पाती बरेचदा ६० च्या पुढे जातात. ती पातळ घासता येतात, धार जास्त टिकते, पण गोठलेल्या मटणात घालून पिळली की टवका उडतो. पाणी दिल्यावर पाते पुन्हा तापवून कडकपणा उतरवतात. अशा पोलादाला बहुधा २०० अंशांच्या आतबाहेरची आच पुरते. किती उतरवायचा, यातच सगळी कारागिरी. आपल्या हिशेबात मात्र सर्वोत्तम सुरी पत्र्याची ठरेल. ती वाकेल, टोमॅटोपुढे हात टेकेल, पण मोडणार नाही.

आता ते फोटो. मोडलेली कड भिंगाखाली धरली, तर बरेच काही कळते. कण बारीक, राखाडी, मखमलीसारखे दिसले, तर भट्टीत पाते नीट तापले होते. जाडसर, चकाकणारे कण दिसले, तर जादा तापले. कडेचा काही भाग काळपट असेल, तर चीर बहुधा कारखान्यातच पडली होती. त्या कारागिराचे कान खुशाल उपटा. पण फोटोत ती कड दिसतच नाही. दिसतो ओटा, दोन तुकडे आणि मागे झाकण उचकटलेला रंगाचा डबा. तो कशाने उचकटला, हे तक्रारीत लिहिलेले नसते.

पुढच्या प्रतवारीआधी डब्यांचीही साक्ष काढावी, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक सुरीवाला
(आपल्या यादीत तळातून दुसरा)