संगणक-मासिकांचे दधीचिव्रत

ज्या कुऱ्हाडीने आपणांस तोडावयाचे, तिला धार कशी लावावी याचे सचित्र मार्गदर्शन दरमहा सवलतीच्या वर्गणीत पुरविणारी संस्था जगाच्या इतिहासात विरळाच. आणि म्हणूनच अमेरिकेतील छापील संगणक-मासिकांच्या औदार्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. १९७५ साली जन्मलेले 'बाइट' १९९८ साली निमाले, 'पीसी मॅगझिन'ने जानेवारी २००९ च्या अंकानिशी कागदाचा त्याग केला, आणि ऐन भरात आठशेहून अधिक पृष्ठांचा भार वाहणारे 'कॉम्प्युटर शॉपर'ही त्याच वर्षी छापखान्यातून मुक्त झाले. परंतु तत्पूर्वी वाचकास इंटरनेट कसे जोडावे आणि तेथे फुकट काय काय वाचावयास मिळते, हे शिकविण्यात या मंडळींनी तिळमात्र कसूर केली नाही. दधीची ऋषींनी अस्थी दिल्या. यांनी वर्गणीदार दिले. इतर व्यावसायिकांनीही हा कित्ता गिरवावा: खानावळवाल्याने गिऱ्हाइकास स्वयंपाक शिकवावा, वकिलाने पक्षकारास तडजोड, आणि पुरोहिताने यजमानास मंत्र. (दक्षिणा मात्र आगाऊ घ्यावी.)

आमच्या माळ्यावरील जुन्या अंकांचे साक्षेपी मूल्यमापन अखेर रद्दीवाल्याने केले. मजकुराकडे ढुंकूनही न पाहता त्याने ते तराजूत घातले, आणि आजचा भाव मोबाइलवर पाहून सांगितला.