६४ टक्के वाचून झालं

ई-रीडर का घेतला, असं कोणी विचारलं की मी जागेचं कारण पुढे करतो. ते सगळ्यांना पटतं. डोंबिवलीतलं दोन खोल्यांचं घर, माळ्यावर खोकी, दिवाणाच्या पोटात खोकी आणि जून लागला की त्या सगळ्यांना सुटणारा दमट वास. आमच्या घरात माझ्यापेक्षा जास्त मराठी साहित्य वाळवीने पचवलं आहे. पण खरं कारण जागा नाही, अक्षर आहे. कागद वाचवायचा म्हणून बारीक टाइपात छापलेल्या जुन्या आवृत्त्या वाचायला आता खुर्ची बरोबर ट्यूबलाइटच्या खाली ओढावी लागते. ‘घरात पुस्तकांना जागा नाही’ म्हणणारा माणूस पुस्तकवेडा ठरतो आणि ‘दिसत नाही’ म्हणणारा नुसता म्हातारा. तेव्हा जागेचंच कारण चालू ठेवलं आहे.

घ्यायचं ठरल्यावर घरात चर्चा झाली. मुलगी म्हणाली, “बाबा, त्यापेक्षा टॅब घ्या ना, त्यात सगळंच होतं.” अडचण नेमकी तीच होती. ज्या वस्तूवर सगळंच होतं, त्या वस्तूवर वाचन सोडून सगळंच होतं. कादंबरीचा दुसरा परिच्छेद सुरू व्हावा आणि वरून सोसायटीच्या ग्रुपचा निरोप टपकावा, की उद्या दुपारनंतर पाणी नाही. मग पाणी का नाही यावर पन्नास जणांची मतं. ई-रीडर बापडा यातलं काही करत नाही. त्यावर सिनेमा दिसत नाही आणि मामेबहिणीच्या नातवाचा वाढदिवसही दिसत नाही. एकच काम करणाऱ्या वस्तूसाठी आजकाल वेगळे पैसे मोजावे लागतात, ते मी मोजले.

बायकोचा प्रश्न सरळ होता. “माळ्यावरची आधी वाचून होऊ देत की.” याला उत्तर नसतं. ज्यांच्या घरी पुस्तकं आहेत, त्या सगळ्या घरांत हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो आणि पिढ्यान्‌पिढ्या न ऐकल्यासारखं केलं जातं.

मग सहा इंची की सात इंची, जाहिराती असलेला की नसलेला, दिवा पांढरा की पिवळसर, अशा शंकांची माळ लागली. एक प्रकार पाण्यात पडला तरी चालणारा होता. परदेशी लोक टबात पडून वाचतात, त्यांच्यासाठी ही सोय असावी. आमच्याकडे बादली आणि तांब्या. तरीही तोच घेतला, कारण जुलैमध्ये स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं म्हणजे टबात उतरण्यापेक्षा वेगळं काही नसतं.

पहिल्याच आठवड्यात आईने त्याला हरकत घेतली. “अरे, ते चालूच ठेवून गेलास. वीज जाते!” बंद करून ठेवलं तरी पडद्यावर एक चित्र राहतं, ते तिला खटकायचं. आमच्या घरात रिकाम्या खोलीतला पंखा चालू राहणं हे पातक आहे. तिला समजावताना मलाच ते यंत्र प्रथम नीट कळलं. या पडद्याच्या पोटात केसाच्या जाडीएवढ्या लाखो कुप्या असतात. प्रत्येक कुपीत काळे आणि पांढरे कण तरंगत असतात, त्यांच्यावर उलटसुलट विद्युतभार असतो. विजेचा हलका झटका दिला की कुठे काळे कण वर येतात, कुठे पांढरे, आणि अक्षर उमटतं. एकदा वर आलेले कण तिथेच राहतात, त्यांना तिथे धरून ठेवायला वीज लागत नाही. म्हणजे खर्च पान उलटण्याचा, पान वाचण्याचा नाही. म्हणून तर एकदा चार्ज केला की तो आठवडेच्या आठवडे चालतो. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग तू हळूच वाचतोस ते बरंय.”

पडद्यातली ही शाई अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत जन्मली, १९९७ मध्ये तिची कंपनी निघाली. २००४ मध्ये सोनीने जपानात तिच्यावर चालणारं पहिलं वाचनयंत्र विकायला आणलं आणि नोव्हेंबर २००७ मध्ये अ‍ॅमेझॉनचं किंडल आलं, तेव्हा किंमत ३९९ डॉलर. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकांचं दालन मात्र डिसेंबर २०१६ मध्ये उघडलं, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमच्या सोबतीने. मराठी यायला यंत्राला नऊ वर्षं लागली. मुंबईत राहून काहींना त्याहून जास्त लागतात, त्यामुळे मी तक्रार करत नाही.

तक्रार करावी अशा गोष्टी पुढे आहेत. विकत घेण्याआधी पुस्तकाचा थोडा भाग फुकट वाचायला मिळतो, साधारण सुरुवातीचा दहावा हिस्सा. ही सोय ज्याने काढली त्याने मराठी पुस्तक उघडून पाहिलेलं नसणार. आपल्याकडे आधी प्रकाशकाचे दोन शब्द (ते कधीच दोन नसतात), मग ज्येष्ठ समीक्षकांची प्रस्तावना, तीत लेखकापेक्षा समीक्षकाच्या जुन्या लेखांचे उल्लेख जास्त, मग लेखकाचं मनोगत, त्यात दुसऱ्या आवृत्तीच्या निमित्ताने आणखी थोडं मनोगत, आणि शेवटी ऋणनिर्देश. अक्षरजुळणी करणाऱ्यापासून वेळोवेळी चहा देणाऱ्या सहधर्मचारिणीपर्यंत सगळ्यांचे आभार मानून होतात आणि नमुना संपतो. कथानायक अजून जन्मलेलाही नसतो. अशा नमुन्यांवरून मी पुस्तकं निवडायला लागलो आणि आता मला मराठी साहित्यिकांच्या बायकांच्या चहाची बरीच माहिती झाली आहे.

दुसरं म्हणजे या यंत्रावर पान क्रमांकापेक्षा टक्क्यांचा मान मोठा. अक्षर आपल्या डोळ्यांप्रमाणे मोठं करता येतं, आणि ते मोठं केलं की पानं वाढतात, मग एकशे बाराव्या पानाला काही अर्थच उरत नाही. म्हणून खाली कोपऱ्यात टक्के येतात. आईने एकदा विचारलं, “झालं का रे वाचून?” मी म्हणालो, “६४ टक्के.” “फर्स्ट क्लास!” ती म्हणाली. आमच्या पिढीचा टक्क्यांशी संबंध असाच. ८५ टक्क्यांपर्यंत गेलो की मला अजूनही बोर्डात आल्यासारखं वाटतं. आणि नेमकं तिथेच पुस्तक संपतं, कारण उरलेले टक्के टिपा आणि संदर्भसूचीचे असतात. हातात जाड पुस्तक असलं की उजव्या बाजूची जाडी कमी होत जाते, आता आवरतं घेतात हे बोटांना आधी कळतं. इथे शेवट असा अंगावर येतो, की मी दोनदा पान पुढे ढकलून पाहतो.

मराठी वाचकाची खरी परीक्षा पीडीएफ घेते. आपली कितीतरी चांगली पुस्तकं फुकट आणि रीतसर मिळतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली पुस्तकं संकेतस्थळावर ठेवली आहेत, ई साहित्य प्रतिष्ठान वर्षानुवर्षं विनामूल्य पुस्तकं वाटतं आहे. शिवाय लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, म्हणजे १९१९ मध्ये गेलेले हरिभाऊ आपटे आणि गडकरी केव्हाच सगळ्यांचे झाले, आणि १९६३ मध्ये गेलेले चिं. वि. जोशी १ जानेवारी २०२४ पासून. पण यातलं बहुतेक पीडीएफमध्ये, आणि पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो समजा. त्यातलं अक्षर मोठं करायला गेलं की अख्खं पान मोठं होतं आणि पडद्याबाहेर निघून जातं. ओळीचा डावा अर्धा भाग वाचायचा, पान सरकवायचं, उजवा अर्धा वाचायचा, परत यायचं. विनोदी लेखकाचा विनोद असा अर्धा-अर्धा वाचला की तो गंभीर होतो. दिवाळी अंकात तर दोन-दोन रकाने, मध्ये चौकट आणि चौकटीत कविता. सहा इंचांच्या पडद्यावर दिवाळी अंकाची पीडीएफ वाचणाऱ्याला पुढच्या जन्मी संपादकपद मिळत असावं.

कोणी सांगितलं म्हणून एक पीडीएफ दुसऱ्या प्रकारात बदलून घेतली. पुस्तक युनिकोडच्या आधीच्या, जुन्या फाँटमध्ये जुळवलेलं होतं. उघडलं तर पहिल्या वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेल्या, रफार उडून गेलेले, जोडाक्षरांचे घटस्फोट झालेले. त्या भाषेत मी तीन पानं नेटाने वाचली, कारण नवकविता असेल असं वाटलं.

एवढं सगळं असून मी ते यंत्र सोडत नाही, त्याला कारण सकाळची फास्ट लोकल. एक हात कडीला, दुसऱ्या हातात यंत्र, अंगठ्याने पान उलटायचं. वजन जेमतेम दोनशे ग्रॅम. जाड कादंबरी या गर्दीत उघडणं म्हणजे आजूबाजूच्या तिघांना कोपर मारणं. ई-रीडर कुणालाही न दुखावता वाचता येतो. आणि मुख्य म्हणजे काय वाचतोय ते कुणाला दिसत नाही.

ही गोष्ट सुरुवातीला मला जाचली. छापील पुस्तक हातात असलं की समोरचा वाकून मुखपृष्ठ बघायचा. कधी म्हणायचा, “मी पण वाचलंय, शेवट काय खास नाही.” कधी नुसता आदराने अर्धी जागा सरकून चौथी सीट द्यायचा. जाडजूड वैचारिक ग्रंथाला हा मान जास्त मिळतो, हे मी जाणून होतो आणि पुस्तक निवडताना ते डोक्यात नव्हतं असं नाही. आता माझ्या हातातल्या करड्या चौकटीत ज्ञानकोश आहे की रहस्यकथा, हे माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. मी रहस्यकथाच वाचतो. ठाण्याला पहिला खून, कुर्ल्याला दुसरा आणि चेहऱ्यावर अर्थसंकल्प वाचत असल्याचा भाव. दाखवायचं कुणाला नाही म्हटल्यावर आपल्याला खरोखर काय वाचायला आवडतं, ते इतक्या वर्षांनी कळलं. फार उच्च नाही, पण माझं आहे.

आता विकत घेतलेली ई-पुस्तकं तरी माझी आहेत का, हा वेगळा मुद्दा. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून एक पुस्तक परस्पर काढून घेतलं, कारण ज्याने ते दुकानात ठेवलं होतं त्याच्याकडे हक्क नव्हते. पुस्तक कोणतं, तर जॉर्ज ऑर्वेलचं ‘१९८४’. सरकार नको ते लिखाण नाहीसं करतं, अशी ज्यात गोष्ट आहे तेच. पैसे परत मिळाले, जेफ बेझोसने माफीही मागितली. पण ई-पुस्तक म्हणजे मुंबईतली पागडीची खोली हे तेव्हा उघड झालं: राहा खुशाल, भिंतीला रंग द्या, पण घर तुमचं नव्हे. मुलांच्या नावावर करायचं म्हटलं की मालकाची आठवण होते.

उसनं देण्याचं तर बोलूच नका. पूर्वी पाहुणा निघताना कपाटापाशी रेंगाळला की माझ्या पोटात गोळा यायचा. “हे नेऊ का? आठवड्यात देतो.” तो आठवडा कुठल्याही पंचांगात सापडत नाही. आता पाहुण्याला यंत्र दाखवतो, तो हातात घेऊन उलटसुलट करतो, “छान आहे” म्हणतो आणि परत देतो. पुस्तक परत देणारा पाहुणा मी प्रथमच पाहिला. पण ते पाहुणे पुस्तक न्यायला यायचे तेव्हा चहा व्हायचा, भांडण व्हायचं, अमुक लेखक संपला की नाही यावर दोन तास जायचे. आता चार्जर कोणता लागतो याची चौकशी करून ते उठतात.

तुम्ही घेणार असाल तर अवश्य घ्या, पण मुख्यतः मराठी वाचणार असाल तर सहा इंचांच्या भानगडीत पडू नका. जमेल तेवढा मोठा पडदा घ्या, आणि दुकानात पैसे देण्याआधी स्वतःची एखादी पीडीएफ त्यावर उघडून दाखवायला सांगा. दुकानदार कुरकुर करेल, करू दे. आणि जाता जाता एक विनंती. माझं ‘स्मृतिचित्रे’ कुणाकडे तरी आहे. लक्ष्मीबाईंचं पुस्तक आता फुकट मिळतं, हे मला कृपा करून सांगू नये. त्यात आईने समासात पेन्सिलीने भांडणं केलेली आहेत आणि ती कुठल्याही दुकानात मिळत नाहीत. ज्यांच्याकडे असेल त्यांनी रविवारी सकाळी आणून द्यावं, चहा ठेवतो.