एकदाही न लावलेला फोर बाय फोर

जीप म्हातारी होते ती खालून. इंजिनाचं सगळं निभावतं. बोअर करा, पिस्टन बदला, पंप कॅलिब्रेट करून आणा, की पुन्हा धूर सोडायला मोकळी. आमच्या महिंद्रा एमएम ५४०चं २११२ सीसीचं प्यूजो इंजिन तर माझ्या मागेही राहील, असंच वाटायचं. पण कोकणातली खारी हवा आणि ताम्हिणीचा पाऊस यांनी मिळून चासी आतून खाल्ली. "वेल्डिंग मारतो की काका," मिस्त्री गाडीखालून म्हणाला, "पण धरायला पत्रा तरी ठेवलाय का तुम्ही?" पहिल्या १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी फिटनेस करून, पर्यावरण कर भरून तिला इथवर आणली होती. इंजिनाला गिऱ्हाईक मिळालं. बाकीची भंगारात गेली, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

नव्या थारची किंमत ऐकून घेतली आणि वापरलेली शोधायला लागलो. पहिल्या पिढीची, २०१० नंतरची. पुढून पाहिली तर ५४०ची नात शोभेल अशी. जिप्सीही पाहिली असती, पण पेट्रोलवर चालणाऱ्या जीपकडे आमच्या घरात संशयानेच पाहतात.

सेकंडहँडच्या बाजारात प्रत्येक गाडी डॉक्टरांनी वापरलेली असते. एवढे डॉक्टर जीप घेऊन हिंडतात, तर दवाखान्यात कोण बसतं कोण जाणे. मी खिशात लोहचुंबक ठेवायचो. पत्र्याला तो टक्कन चिकटतो, जाड पुट्टीवरून घसरतो. एका लालभडक थारच्या दारावर तो खिडकीखाली झकास बसला. वीतभर खाली सरकवला, तर थेट माझ्या चपलेवर. विकणारा शांतपणे म्हणाला, "चुंबक जुना झाला असेल." सीटबेल्टही शेवटपर्यंत ओढून बघायचे. २०१९ला सांगली-कोल्हापूर आणि २०२१च्या जुलैत चिपळूण पाण्यात गेलं. बुडालेली गाडी वरून धुऊन चकचकीत करता येते, पण बेल्टच्या गुंडाळीतला चिखल काढायचं सहसा कुणाला सुचत नाही.

जी घेतली, तिच्या कपाळावर दिव्यांची रांग, पुढे विंच, चिखलात चालायचे जाडजूड टायर. मालक अभिमानाने म्हणाला, "फोर बाय फोर एकदाही लावलेलं नाही, साहेब!" खरंच बोलत होता. लिव्हर हलेचना. मिस्त्रीने तेल पाजून, शिव्या घालून तो मोकळा केला. डॅशबोर्डच्या कप्प्यात मॉलच्या पार्किंगच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा निघाला. बिचारीला डोंगर दाखवायला कुणी नेलंच नव्हतं.

जुन्या जीपच्या खोडी आमच्या अंगवळणी पडल्या होत्या. थंडीत आधी हीटर द्यायचा, दम धरायचा, मग सेल्फ मारायचा. चढ आला की खाली उतरून पुढच्या चाकांचे हब हाताने फिरवायचे. पावसाळ्यात बायको डाव्या मांडीवर नॅपकिन पसरून बसायची, कारण हूड तिथेच गळायचं, दुसरीकडे नाही. असा भरवसा माणसांचाही देता येत नाही. या गाडीच्या खोडी मात्र दुसऱ्याने लावलेल्या. क्लचवर पाय ठेवून चालवणारा कुणी तरी होता, हे मला प्लेट बदलताना कळलं.

हिला एसी आहे, काचा लागतात, आत बोललेलं ऐकू येतं. वरंधा घाटात बायको म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही गाडी चालवताना हेच बोलत होतात होय?" त्यानंतर मी भोरपर्यंत गप्प होतो.

फॉर्म २९ आणि ३०वर सह्या झाल्या, आरसीवर माझं नाव चढलं. पहिल्या पावसात उजवीकडून थेंब आला, म्हणजे यंदा नॅपकिन माझ्या मांडीवर. तेव्हा वापरलेली जीप घ्यायची असेल, तर बघायला भर जुलैत, धो धो पावसात जा. मार्चमध्ये कुणाचंच हूड गळत नाही.