उमरावांचा नाल

लहान गावांना थोरामोठ्यांचं फार अप्रूप, असं आपण धरून चालतो. इंग्लंडमधल्या रटलंडची गोष्ट वेगळी. जेमतेम 382 चौरस किलोमीटरची ही काउंटी. नकाशावर दाखवायला बोट ठेवावं, तर बोटाखालीच नाहीशी होणारी. पण इथल्या ओकहॅम गावाला राजघराण्यातलं किंवा उमरावांपैकी कुणी पहिल्यांदा आलं, की त्यानं एक नाल द्यायचा, हा शतकानुशतकांचा रिवाज. तिथल्या किल्ल्यातल्या बाराव्या शतकातल्या दालनाच्या भिंतींवर असे दोनशेहून जास्त नाल टांगलेले आहेत. काही मुकुट मिरवणारे, काही इतके अवाढव्य, की ते पायात बसतील असा घोडा देवानं अजून घडवायचाय. आणि सगळे टोकं खाली करून. टोकं वर ठेवली तर त्या खोबणीत म्हणे सैतान बस्तान मांडतो. थोरांकडून वस्तू घ्यायची, पण तीही आपल्या पद्धतीनं लावायची!

अशा मानी काउंटीला सरकारनं 1974 साली लेस्टरशायरमध्ये विरघळवून टाकलं. त्याच दशकात ग्वॉश नदीची दरी अडवून रटलंड वॉटर हा विस्तीर्ण जलाशय झाला. नेदर हॅम्बल्टन हे गाव पाण्याखाली गेलं. अप्पर हॅम्बल्टन टेकडीवर होतं म्हणून वाचलं, आता तिन्ही बाजूंनी पाणी न्याहाळत बसतं. नॉर्मंटनचं चर्च लोकांनी हट्टानं राखलं. आत दगडगोटे भरून जमीन उचलली, भोवती बांध घातला. अर्घ्य द्यायला नदीत उतरलेला म्हातारा परत फिरायचं विसरावा, तसं ते कंबरेपर्यंत बुडून तळ्यात उभं असतं. पुढे 1997 मध्ये काउंटी परत मिळाली. गेली होती 1 एप्रिलला, आली तीही 1 एप्रिललाच. थट्टेचा दिवस दोन्ही वेळा सरकारनंच निवडला.

2021 मध्ये जलाशयाच्या काठच्या एका तळ्याचं पाणी उतरवलं, तर चिखलात सुमारे 10 मीटर लांबीचा इक्थिओसॉर, म्हणजे समुद्रात राहणारा प्राचीन सरीसृप, सापडला, 18 कोटी वर्षांपूर्वीचा. एवढा मोठा पाहुणा, पण नाल न देताच मुक्कामाला राहिलेला. त्याला बोल तरी कसा लावावा? बिचाऱ्याला पायच नव्हते, नुसती वल्ही.

तेव्हा इंग्लंडला जाल तर एक दिवस रटलंडसाठी राखून ठेवा. ओकहॅम स्टेशनवरून किल्ला चालत गाठता येतो. आणि तुम्ही उमराव नसाल, तर नाल द्यावा लागत नाही.